घरातल्या घरात गेम स्ट्रीमिंग: सनशाइन आणि मूनलाइटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेमिंगचा पीसी आतल्या खोलीत आहे आणि खेळायचं आहे हॉलमधल्या टीव्हीवर किंवा गच्चीवर नेलेल्या जुन्या लॅपटॉपवर. अशा घरांसाठी हे पान आहे. उत्तरं विंडोज ११ चा पीसी, त्यावर गेमचं चित्र पाठवणारा सनशाइन हा प्रोग्राम आणि समोरच्या यंत्रावर ते दाखवणारा मूनलाइट हा प्रोग्राम अशी जोडणी धरून दिली आहेत. जो पीसी गेम चालवतो तो होस्ट आणि ज्यावर तुम्ही खेळता तो क्लायंट, हे दोनच शब्द शेवटपर्यंत लागतील.

गेम नेमका कुठे चालतो?

होस्टवरच, पूर्णपणे. होस्टचं ग्राफिक्स कार्ड प्रत्येक फ्रेम तयार करतं. सनशाइन ती फ्रेम उचलून कार्डातल्याच एनकोडरकडे देतं, आणि दाबून लहान केलेलं चित्र छोट्या पॅकेटांमधून क्लायंटकडे जातं. क्लायंट ते उलगडून पडद्यावर दाखवतो. तुम्ही दाबलेलं बटण उलट्या वाटेने होस्टकडे पोचतं.

६० फ्रेमच्या गेममध्ये एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात, १२० फ्रेमला ८.३. चित्रफीत बघताना काही सेकंदांचा साठा पुढे करून ठेवता येतो. इथे ती सोय नाही, कारण पुढचं चित्र तुमच्या बटणावर ठरतं. म्हणून या कामात ‘किती एमबीपीएस’ हा प्रश्न दुय्यम आहे. पॅकेट किती लवकर पोचतं आणि दर वेळी साधारण तेवढ्याच वेळात पोचतं का, यावर सगळं अवलंबून आहे. सतत १० मिलिसेकंदांचा उशीर हाताच्या सवयीत बसतो. एकदा २, मग ४५, मग ३ असा उशीर कधीच बसत नाही.

यासाठी इंटरनेट लागतं का? डेटा किती जातो?

घरातल्या घरात खेळताना इंटरनेटचा डेटा वापरला जात नाही. चित्र होस्टकडून राउटरकडे आणि राउटरकडून क्लायंटकडे जातं, घराबाहेर पडतच नाही. फायबरची लाइन बंद असली तरी राउटर चालू असेल तर स्ट्रीम चालतो, फक्त गेमला स्वतःला ऑनलाइन राहायची गरज नसावी. त्यामुळे ‘३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला तरी अडखळतं’ या तक्रारीत प्लॅनचा दोष नसतो. दोष राउटर, वायर किंवा वायफायमध्ये शोधायचा.

सनशाइन-मूनलाइटच का? स्टीमचं रिमोट प्ले पुरत नाही का?

गेम सगळे स्टीमवर असतील तर आधी स्टीमचं रिमोट प्लेच वापरून बघा. २०१४ पासून ते स्टीममध्ये आहे (तेव्हा नाव इन-होम स्ट्रीमिंग होतं), वेगळं काही बसवावं लागत नाही, आणि टीव्ही व फोनसाठी स्टीम लिंकचं ॲप फुकट आहे. कंट्रोलरची बटणं हवी तशी बदलून घेण्याची त्याची सोयही उत्तम आहे.

मूनलाइट मुळात एनव्हिडियाच्या गेमस्ट्रीम या सोयीसाठी लिहिलेला क्लायंट. एनव्हिडियाने २०२३ मध्ये गेमस्ट्रीम बंद केलं, तेव्हा होस्टची जागा सनशाइनने घेतली. दोन्ही मुक्तस्रोत आहेत. सनशाइन एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल तिन्हींच्या कार्डांवर चालतं आणि पूर्ण डेस्कटॉप पाठवू शकतं, म्हणजे गेम कोणत्या दुकानातून घेतला याला महत्त्व राहत नाही. आमच्या मते त्याचा सर्वांत मोठा गुण वेगळाच आहे: उशीर नेमका कुठे होतोय याचे आकडे मूनलाइट पडद्यावर दाखवतं. दोष शोधायचा तर ते आकडे लागतातच.

होस्टला कोणतं ग्राफिक्स कार्ड हवं?

गेम खेळता येण्याइतकं कार्ड असेल तर बहुतेक वेळा त्यात एनकोडर असतोच. चित्र दाबून लहान करण्याच्या पद्धतींना कोडेक म्हणतात; एच.२६४, एचईव्हीसी आणि एव्ही१ हे इथले तीन. एनव्हिडियात जीटीएक्स ६०० मालिकेपासून एच.२६४, जीटीएक्स ९५० आणि ९६० पासून एचईव्हीसी आणि आरटीएक्स ४० मालिकेपासून एव्ही१ तयार करता येतं. एएमडीत एव्ही१ आरएक्स ७००० मालिकेपासून मिळतं, इंटेलमध्ये आर्क कार्डांपासून.

जीटी १०३० मात्र फसवं आहे. नाव एनव्हिडियाचं असलं तरी त्यात एनकोडरच नाही. मग सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि गेमलाच प्रोसेसर कमी पडतो. मदरबोर्डवर इंटेलचं अंगचं ग्राफिक्स असेल तर बायॉसमधून (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधून) ते चालू करा आणि मॉनिटर त्याच्या पोर्टला जोडून इंटेलच्या क्विक सिंकने एनकोड करून बघा.

आणि क्लायंटला?

क्लायंटला ताकदीपेक्षा डिकोडर, म्हणजे दाबलेलं चित्र उलगडणारा भाग, महत्त्वाचा. इंटेलच्या सहाव्या पिढीपासूनच्या (२०१५ नंतरच्या) लॅपटॉपमध्ये एचईव्हीसीचा हार्डवेअर डिकोडर आहे, त्याआधीच्यांत एच.२६४ वर भागवायचं. कपाटात पडलेला आठ-दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप १०८०पी ६० फ्रेमला बहुतेक वेळा पुरतो. रास्पबेरी पाय ५ या छोट्या संगणकात एचईव्हीसीचा डिकोडर आहे पण एच.२६४ चा नाही, म्हणून त्यावर मूनलाइटच्या सेटिंगमध्ये कोडेक एचईव्हीसीच निवडा.

टीव्हीबाबत दोन गोष्टी तपासा. एक, चित्राचा गेम मोड चालू करा, कारण तो बंद असताना टीव्ही चित्र सुधारण्याच्या नादात स्वतःचाच मोठा उशीर घालतो आणि नेटवर्क कितीही चांगलं असलं तरी हात जड वाटतो. दोन, अनेक टीव्हींचं लॅन पोर्ट फक्त १०० एमबीपीएसचं असतं. याबद्दल पुढे बिटरेटच्या उत्तरात.

बसवायचं कसं?

होस्टवर लिझर्डबाइटच्या (सनशाइन बनवणाऱ्या गटाच्या) गिटहब पानावरून सनशाइनचा विंडोज इन्स्टॉलर उतरवा आणि चालवा. फायरवॉलचे नियम घालू का, असं विचारलं तर होय म्हणा. मग होस्टच्याच ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस लावून लोकलहोस्ट आणि पोर्ट ४७९९० हा पत्ता उघडा. ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं बजावेल, कारण सनशाइनचं प्रमाणपत्र त्याचं स्वतःचंच असतं. प्रगत पर्यायातून पुढे जा आणि नाव व पासवर्ड ठरवा. हा पासवर्ड लिहून ठेवा, पुढे पुष्कळदा लागतो.

क्लायंटवर मूनलाइट टाका. दोन्ही यंत्रं एकाच नेटवर्कवर असतील तर होस्टचं नाव आपोआप दिसतं. त्यावर दाबलं की चार आकडी पिन येतो. तो होस्टच्या त्याच पानावर ‘पिन’ या भागात भरा, यंत्राला ओळखू येईल असं नाव द्या, की जोडणी झाली. आता ‘डेस्कटॉप’ निवडून आधी नुसता माऊस फिरवून बघा. डेस्कटॉप नीट चालल्याशिवाय गेम लावू नका, कारण मग दोष नेटवर्कचा की गेमचा हे कळत नाही.

मूनलाइटला होस्ट दिसतच नाही.

आपल्याकडे सर्वांत जास्त आढळणारं कारण म्हणजे घरात दोन राउटर असणं. फायबर कंपनीने दिलेला एक आणि वायफाय चांगलं मिळावं म्हणून आपण विकत घेतलेला दुसरा. होस्ट पहिल्याला जोडलेला, टीव्ही दुसऱ्याच्या वायफायवर. इंटरनेट दोघांनाही मिळतं, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं, पण ती दोन वेगळी नेटवर्कं असतात. दोन्ही यंत्रांचे आयपी पत्ते बघा. एकाचा १९२.१६८.१.२० आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०.१५ असेल, म्हणजे तिसरा आकडा वेगळा असेल, तर हेच कारण. उपाय: दुसऱ्या राउटरला त्याच्या सेटिंगमधून ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका. तो नेटवर्क बनवणं थांबवतो आणि फक्त वायफाय पुरवतो.

तसं नसेल तर हे क्रमाने बघा. क्लायंट गेस्ट वायफायवर तर नाही ना? गेस्ट नेटवर्कवरच्या यंत्रांना बाकीच्या यंत्रांशी बोलू दिलं जात नाही. राउटरमध्ये क्लायंट आयसोलेशन किंवा एपी आयसोलेशन (यंत्रांना एकमेकांपासून तोडणारा पर्याय) चालू आहे का? विंडोजमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदलं आहे का? ते ‘प्रायव्हेट’ करा. होस्टवर वेगळा अँटिव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल विंडोजच्या नियमांना जुमानत नाही, तिथे सनशाइनला वेगळी परवानगी द्या. एवढं करूनही नाव दिसत नसेल तर मूनलाइटमध्ये होस्टचा आयपी पत्ता हाताने घाला. हाताने घालून चालत असेल, तर राउटरमध्ये होस्टला कायमचा पत्ता राखून द्या, नाहीतर राउटर बंद-चालू झाल्यावर पत्ता बदलेल.

वायर की वायफाय?

निदान होस्टला वायर. हा एक बदल बाकी सगळ्या सेटिंगपेक्षा मोठा आहे.

होस्ट आणि क्लायंट दोन्ही एकाच वायफायवर असले की प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं: होस्टकडून राउटरकडे, मग राउटरकडून क्लायंटकडे. हवा एकच असल्याने एकाच्या वेळी दुसऱ्याला थांबावं लागतं, म्हणजे क्षमता जवळजवळ निम्मी होते आणि चुकायच्या जागा दुप्पट. होस्टला वायर लावली की हवेतला प्रवास एकच उरतो, आणि चांगल्या ५ गिगाहर्ट्झ वायफायवर तेवढं बहुतेक घरांत पुरतं.

वायर घेताना कॅट ५ई किंवा कॅट ६ घ्या. घरातल्या अंतरांना दोन्ही सारखीच. पण वायर चांगली असून जोडणी वाईट, हा प्रकार फार आढळतो. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात (१, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या), एक गिगाबिटला आठही लागतात. वायरिंग करताना कित्येकदा चारच तारा जॅकमध्ये दाबून बसवून (क्रिंप करून) बाकीच्या कापून टाकतात, कारण इंटरनेट तेवढ्यावरही चालतं. वायरच्या टोकाचा आरजे-४५ चा पारदर्शक जॅक उजेडाकडे धरा. खटका (क्लिप) मागच्या बाजूला, सोनेरी पट्ट्या वर तुमच्या समोर आणि वायर खाली असं धरल्यावर डावीकडून पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असे आठही रंग टोकापर्यंत पोचलेले दिसायला हवेत. फक्त नारिंगी आणि हिरव्या जोड्या दिसल्या तर दोष सापडला. दोन्ही टोकांना नवे जॅक लावून घ्या. वायर बदलायची गरज नाही.

जॅक न बघताही तपासता येतं. विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्क, मग इथरनेट उघडा आणि लिंक स्पीड बघा. १०००/१००० असेल तर ठीक. १००/१०० असेल तर वायर, जॅक किंवा राउटरचं पोर्ट यांपैकी एक अडतंय. काही राउटरांची पोर्टंच १०० ची असतात, हेही लक्षात ठेवा.

वायर ओढणं शक्यच नाही. वायफायवर काय काय करू?

क्लायंट ५ गिगाहर्ट्झवर आहे याची खात्री करा. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देत असेल तर ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव द्या आणि क्लायंट त्यावरच जोडा. इमारतींमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्या आठ-दहा घरांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह सगळे एकत्र असतात. तिथे वेग कधी कधी मिळतो, पण नियमितपणा मिळत नाही.

चॅनल ‘ऑटो’ ठेवू नका. ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतला शेजाऱ्यांनी कमी वापरलेला चॅनल निवडा. ५२ ते १४४ हे रडारशी वाटून घेतलेले चॅनल आहेत. राउटरला रडारची चाहूल लागली, खरी किंवा खोटी, की त्याला तो चॅनल तत्काळ सोडावा लागतो आणि स्ट्रीम तुटतो. रुंदी ८० मेगाहर्ट्झ ठेवा, गर्दी फार असेल तर ४०.

भिंती मोजा. ५ गिगाहर्ट्झला एक वीटभिंत चालते, दोन भिंती जड जातात, आरसीसीचा स्लॅब त्याहून वाईट. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात खोली ओलांडली तरी सिग्नल खूप पडतो. अशा घरात मेश राउटर (घरभर ठेवायच्या दोन-तीन भागांचा) घेतला तरी त्याचे दोन भाग एकमेकांशी वायरने जोडता आले तरच घ्या. ते हवेतून बोलत असतील तर पुन्हा तोच दुहेरी प्रवास आला. राउटर टीव्हीच्या कपाटात किंवा इन्व्हर्टरमागे ठेवलेला असेल तर आधी बाहेर काढून उंचावर ठेवा. याला खर्च काहीच नाही.

बिटरेट किती ठेवू?

बिटरेट म्हणजे दर सेकंदाला किती डेटा पाठवायचा तो आकडा. मूनलाइट स्वतः ७२०पी ६० ला १०, १०८०पी ६० ला २०, १४४०पी ६० ला ४० आणि ४के ६० ला ८० एमबीपीएस धरतं. हे आकडे शहाणपणाचे आहेत, तिथूनच सुरू करा. झाडी, पाऊस, धूळ असलेल्या गेममध्ये चौकोन दिसू लागले तर १०८०पीला ३० ते ४० पर्यंत वाढवा. त्यापुढे डोळ्यांना फरक फारसा दिसत नाही, उशीर मात्र वाढतो.

१०० एमबीपीएसच्या पोर्टवर मात्र ८० लावू नका. बिटरेट हा सरासरीचा आकडा आहे. होस्ट एक फ्रेम तयार झाली की ती गिगाबिटच्या वेगाने एका दमात सोडतो. राउटरला तीच फ्रेम १०० च्या पोर्टमधून बाहेर काढायची असते, त्याची साठवण लहान असते, आणि दृश्य एकदम बदललं की मोठी फ्रेम येऊन साठवण भरते आणि पॅकेटं गळतात. म्हणून सरासरी ८० असूनही धक्के बसतात. अशा टीव्हीवर ५० ते ६० वर थांबा. टीव्हीचं ५ गिगाहर्ट्झ वायफाय चांगलं असेल तर कधी कधी ते त्याच्या लॅन पोर्टपेक्षा सरस ठरतं. दोन्ही करून बघा.

अडखळतंय. दोष कुठे आहे हे कसं ओळखू?

अंदाजाने सेटिंग बदलत बसू नका. आकडे बघा. संगणकावरच्या मूनलाइटमध्ये कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि एस एकत्र दाबा. कंट्रोलर असेल तर सिलेक्ट, एल१, आर१ आणि एक्स. डाव्या कोपऱ्यात ओळी येतात. त्या अशा वाचा.

नेटवर्ककडून येणाऱ्या फ्रेमचा दर ६० च्या जागी ४५ दिसतोय आणि नेटवर्कमुळे गळालेल्या फ्रेमचं प्रमाण शून्य आहे? मग होस्टच ४५ फ्रेम पाठवतोय. नेटवर्क निर्दोष आहे, गेमचा दर्जा कमी करा.

नेटवर्कमुळे गळालेल्या फ्रेम १ टक्क्याच्या वर जात असतील तर वायर, वायफाय किंवा बिटरेट. आधी बिटरेट निम्मा करा. गळती थांबली तर मार्ग अरुंद आहे. थांबली नाही तर हवेत अडथळा आहे किंवा वायर खराब आहे.

जिटरमुळे गळालेल्या फ्रेम वाढत असतील तर पॅकेटं पोचतात पण अनियमित. हा बहुतेक वेळा वायफायचा आजार. खात्रीसाठी क्लायंटवरून राउटरच्या पत्त्याला शंभर वेळा पिंग करा (पिंग म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं). वायरवर सगळे आकडे १ मिलिसेकंदाच्या आत हवेत. चांगल्या वायफायवर २ ते ५ येतात. मध्येच ४० किंवा ८० येत असतील तर तुमचा धक्का तोच. (थेट होस्टला पिंग करू नका, विंडोजची फायरवॉल उत्तर देऊ देत नाही आणि उगीच घबराट होते.)

डिकोडिंगचा सरासरी वेळ १० मिलिसेकंदांच्या वर असेल तर क्लायंट दमतोय. सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंग सक्तीचं करा, कोडेक बदलून बघा, रेझोल्यूशन उतरवा. होस्टच्या प्रक्रियेचा वेळ साधारणपणे एक-आकडी असतो. तो २० च्या वर गेला तर पुढचं उत्तर वाचा.

होस्टवर गेम लोण्यासारखा चालतो, स्ट्रीमवर मात्र अडकतो.

गेम ग्राफिक्स कार्डाचा ९९ टक्के वापर करत असेल तर फ्रेम उचलायला कार्डाकडे उसंत उरत नाही. होस्टच्या मॉनिटरवर हे दिसत नाही, स्ट्रीमवर दिसतं. गेममध्ये किंवा ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये फ्रेमचा दर क्लायंटच्या दराइतका बांधून टाका, ६० तर ६०. होस्टवर व्हीसिंक (फ्रेमचा दर पडद्याच्या दराशी जुळवणारा पर्याय) बंद ठेवा, मूनलाइटमध्ये चालू. दोन्हीकडे चालू ठेवला तर उशीर दोनदा मोजला जातो.

एनव्हिडिया कार्डावर चित्र मध्येच पूर्ण गोठत असेल तर ग्राफिक्स मेमरी बघा. विंडोजचं हार्डवेअर शेड्युलिंग (कामांचा क्रम ग्राफिक्स कार्डालाच लावू देण्याची सोय) चालू असताना मेमरी काठोकाठ भरली की एनकोडर अडकू शकतो. टेक्स्चरचा दर्जा एक पायरी खाली आणा, किंवा सनशाइनच्या एनव्हिडिया एनकोडरच्या पानावर त्या शेड्युलिंगसाठीचा रिअलटाइम प्राधान्याचा पर्याय बंद करा.

सगळं छान चालतं, पण ठरावीक वेळाने एक धक्का बसतो.

ठरावीक वेळ हीच खूण आहे. क्लायंटचं वायफाय कार्ड अधूनमधून आजूबाजूची नेटवर्कं शोधायला चॅनल सोडून जातं, आणि तेवढा क्षण तुमचा स्ट्रीम थांबतो. विंडोज लॅपटॉपवर आधी लोकेशनची सेवा बंद करून बघा, बरीच ॲप तिच्यामार्फत हा शोध सुरू करतात. मॅकवर हाच त्रास एअरड्रॉपसाठीच्या एडब्ल्यूडीएल या अंतर्गत जोडणीमुळे होतो. एअरड्रॉप आणि हँडऑफ बंद केल्याने फरक पडतो. क्लायंटला वायर लावल्यावर धक्के पूर्ण थांबले तर निदान पक्कं.

पडदा काळा येतो.

होस्टचा मॉनिटर बंद आहे का? डिस्प्लेपोर्टवरचे कित्येक मॉनिटर बंद केले की विंडोजच्या दृष्टीने गायब होतात, आणि उचलायला पडदाच उरत नाही. मॉनिटर चालू ठेवायचा नसेल तर एचडीएमआयचं डमी प्लग घ्या. अंगठ्याएवढा तुकडा असतो, कार्डाच्या मोकळ्या पोर्टात बसवला की विंडोजला मॉनिटर जोडल्यासारखा वाटतो. घेताना तो ४के ६० सांगतो की फक्त १०८०पी, हे विचारून घ्या. प्लग न घेता सॉफ्टवेअरने आभासी पडदा तयार करणारे ड्रायव्हरही आहेत. सनशाइनपासून फुटून निघालेल्या अपोलोमध्ये ती सोय आतच आहे.

फक्त चित्रपटांच्या ॲपमध्येच काळं दिसत असेल तर तो बिघाड नाही. संरक्षित चित्र उचलू दिलं जात नाही, आणि तसंच राहणार.

टीव्हीवर कडेला काळ्या पट्ट्या येतात.

होस्टच्या मॉनिटरचा आकार १६:१० किंवा २१:९ आहे आणि टीव्हीचा १६:९. स्ट्रीम सुरू होताना होस्टचं रेझोल्यूशन बदलायला हवं. सनशाइनच्या नव्या आवृत्त्यांत विंडोजवर हे आपोआप करायचा पर्याय ऑडिओ-व्हिडिओच्या पानावर आहे, तो चालू करा.

आवाज होस्टवरही वाजतो. किंवा कुठेच वाजत नाही.

मूनलाइटच्या सेटिंगमध्ये होस्टचे स्पीकर बंद ठेवण्याचा पर्याय आहे. होस्टवर स्टीम असेल तर सनशाइन त्याच्याबरोबर येणारा आभासी स्पीकर वापरतं. स्ट्रीम संपल्यावर होस्टवर आवाज नाहीसा झाला असं वाटलं तर विंडोजमध्ये आवाजाचं यंत्र त्या आभासी स्पीकरवरच राहिलेलं असतं. परत बदलून घ्या.

क्लायंटला ब्लूटूथ हेडफोन लावलेले असतील तर आवाजाला उशीर होणारच, तो हेडफोनचा असतो. तारेचे वापरा.

कंट्रोलर कुठे जोडायचा? होस्टला कळत का नाही?

क्लायंटला जोडा. होस्टवर आभासी कंट्रोलर तयार करण्यासाठी विजेम बस हा ड्रायव्हर लागतो. तो नसेल तर मेन्यू दिसेल, पण बटणं चालणार नाहीत. कंट्रोलर ब्लूटूथवर आणि क्लायंट २.४ गिगाहर्ट्झ वायफायवर असेल तर दोघं एकाच पट्ट्यात भांडतात. मग एक तरी हलवा.

गावाहून किंवा परदेशातून घरचा पीसी खेळता येईल का?

येईल, पण तीन गोष्टी आड येतात.

पहिली, आपल्याकडच्या बऱ्याच फायबर कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. राउटरच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेट जोडणीच्या) पानावर १०० पासून सुरू होणारा पत्ता (१००.६४ ते १००.१२७) दिसला तर पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे राउटरमधून होस्टकडे बाहेरची वाट उघडून, उपयोग नाही. अशा वेळी होस्ट आणि क्लायंट दोन्हीवर टेलस्केल किंवा झिरोटियर (दूरची यंत्रं एकाच खासगी नेटवर्कवर आणणारे प्रोग्राम) टाका आणि त्यांनी दिलेला पत्ता मूनलाइटमध्ये हाताने घाला. सार्वजनिक पत्ता मिळत असला तरी आम्ही हाच मार्ग सुचवू. ४७९९० हे पोर्ट तर कधीही इंटरनेटवर उघडं टाकू नका, ते तुमच्या पीसीच्या किल्ल्या आहेत. टेलस्केलमध्ये जोडणी ‘डायरेक्ट’ (थेट) आहे की ‘रिले’ (मधल्या सर्व्हरमार्फत), हे बघा. रिलेवर गेम खेळता येत नाही.

दुसरी, घरचा अपलोड आणि तिकडचा डाउनलोड. १०८०पीला १० एमबीपीएस ठेवा. तासाला साधारण ४.५ जीबी जातात, २० ठेवले तर ९ जीबी. मोबाइलच्या रोजच्या २ जीबीत अर्धा तासही होत नाही.

तिसरी, अंतर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर हजार किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद. मुंबई ते लंडन सरळ रेषेतच सात हजार किलोमीटरच्या वर आहे, तेव्हा ७० मिलिसेकंद कुठलंही सेटिंग वाचवू शकत नाही, आणि तार सरळ जात नसल्याने प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त लागतात. पुणे ते नाशिक ॲक्शन गेमही खेळता येतो. लंडनहून पुण्याच्या पीसीवर बुद्धिबळ, शहर वसवण्याचे किंवा आळीपाळीने चाल खेळायचे गेम खेळा.

होस्ट झोपलेला असेल तर दुसऱ्या खोलीतून उठवता येतो का?

वायरने जोडलेला असेल तर येतो. बायॉसमध्ये वेक ऑन लॅन चालू करा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून लॅन कार्डाच्या गुणधर्मांत मॅजिक पॅकेटने जागं होण्याला परवानगी द्या, आणि पॉवरच्या पर्यायांतून फास्ट स्टार्टअप बंद करा. मग मूनलाइटमध्ये होस्टच्या नावावर जाऊन त्याला जागं करण्याचा पर्याय निवडा. जागा होऊनही लॉगिनच्या पडद्यावर थांबला तर घाबरू नका. सनशाइन सेवा म्हणून चालत असल्याने तो पडदाही क्लायंटवर येतो आणि पासवर्ड तिथूनच घालता येतो.

लाइट जाण्याचा त्रास असेल तर होस्टबरोबर राउटरलाही यूपीएसवर घ्या. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस वेगळा मिळतो. नुसता होस्ट चालू राहून उपयोग नाही, मधला राउटर पडला की स्ट्रीम पडतो.

मूनलाइट बंद केलं, तरी होस्टचे पंखे जोरात फिरतायत.

तुम्ही फक्त जोडणी तोडली, गेम होस्टवर चालूच आहे. कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि क्यू दाबल्याने (कंट्रोलरवर स्टार्ट, सिलेक्ट, एल१, आर१) इतकंच होतं. हे मुद्दाम तसं ठेवलं आहे: हॉलमध्ये तोडून आतल्या खोलीतल्या लॅपटॉपवर त्याच जागेपासून पुढे खेळता यावं म्हणून. खेळ खरोखर संपवायचा असेल तर आधी गेममध्ये सेव्ह करून गेममधूनच बाहेर पडा. मूनलाइटच्या यादीतला ‘क्विट’ हा पर्याय गेम जबरदस्तीने बंद करतो, त्यामुळे सेव्ह न केलेलं सगळं जातं.